ओटा कोणाच्या मापाचा

माझी उंची पाच फुटांना एक इंच कमी आहे. तो इंच मी आजवर कुठल्याही कागदावर कमी पडू दिलेला नाही. नोकरीचा अर्ज असो की गाडीचा परवाना, मी ठणठणीत पाच फूट आहे. बायको पाच फूट सहा. आमच्या लग्नात मी ज्या पाटावर उभा होतो, त्या पाटाखाली आणखी एक पाट होता, आणि भटजी अंतरपाट धरणाऱ्यांना "जरा खाली घ्या, अजून जरा" असं इतक्यांदा म्हणाले, की मांडवातल्या लोकांना तेही मंगलाष्टकच वाटलं असावं.

लोणावळ्यात आम्ही घर बांधलं तेव्हा स्वयंपाकघराचा ओटा बायकोच्या मापानं झाला. त्यात गैर काही नव्हतं. रांधणारी तीच होती. मी कंपनीत शिफ्टला जायचो आणि ओट्याशी माझा संबंध त्याच्यावरचा डबा उचलण्यापुरता होता. पुढे कंपनीनं आमच्यासारख्या बऱ्याच जणांना वेळेआधी घरी बसवलं. त्याच सुमारास बायकोला तळेगावच्या शाळेत बढती मिळाली आणि ती सकाळच्या लोकलनं जायला लागली. घरात कोणी काही ठरवलं नाही, कोणी कोणाला काही सांगितलं नाही, पण एका सकाळी मी ओट्यापुढे उभा राहिलो आणि त्यानंतर तिथून हललोच नाही.

उभा राहिलो म्हणजे पाटावर. इतर पुरुष जन्मात एकदा पाटावर उभे राहतात, मी रोज दोन वेळा. गॅसपासून सिंकपर्यंत जायचं तर पाट पायानं ढकलत न्यायचा. पोळी तव्यावर असताना दूध उतू जायला लागलं की उडी मारायची. हे सगळं मी इतक्या सफाईनं करायचो की मला वाटायचं, आपण सर्कशीत गेलो असतो तर नाव काढलं असतं.

नाव निघालं ते वेगळ्याच कारणानं. इंद्रायणीचा भात वेळून पातेलं उचललं आणि सवयीनं मागे एक पाऊल टाकलं. जमीन जिथे असायला हवी होती तिथे ती नव्हती, चार बोटं खाली होती. मी, भात आणि पेज असे तिघे वेगवेगळ्या दिशांना गेलो. पेजेची दिशा माझ्या डाव्या हाताची निघाली. बायकोनं संध्याकाळी हाताला मलम लावलं, पट्टी बांधली, आणि एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी भात जाऊ द्या, स्वतःला धरा."

जुन्या ओट्याचा दगड सिंकपाशी तडकलाच होता. पावसाळ्यात तिथून पाणी झिरपून खालच्या डब्यांना बुरशी धरायची. तो बदलायचा हे ठरलेलंच होतं. हाताला पट्टी बांधलेली असताना मी जाहीर केलं, की आता होणारा ओटा माझ्या मापाचा असेल. मला दुसरं काहीही नको होतं. दगड कुठल्याही रंगाचा घ्या, फरशा कुठल्याही लावा, पण उंची माझी.

बायकोनं मान डोलावली. खरी लढाई वडगावहून आली.

वडगाव मावळात माझी मोठी बहीण राहते. अक्का. उंचीनं माझ्याएवढीच, पण तिच्यासमोर उभं राहिलं की आपण खड्ड्यात उभे आहोत असं वाटतं. तिला फोनवर सांगितलं तर दुसऱ्याच दिवशी ती येऊन बसली.

"ओटा तुझ्या मापानं? आणि उद्या सून येईल ती काय कमरेत वाकून भाकऱ्या थापणार?"

"अक्का, ती आली तर थापेल की नाही, हे तिलाही माहीत नाही. मी आज थापतोय."

"ओटा घरातल्या बाईच्या मापानं असतो. बापजन्मात कोणी पुरुषाच्या मापानं ओटा बांधलेला ऐकलाय?"

"बापजन्मात पुरुषानं रोज पोळ्या लाटल्याचंही ऐकलं नव्हतं. तेव्हा तू काही बोलली नाहीस, पोळ्या खाल्ल्यास."

"हसतील लोक."

"माझ्याकडे बघून ते आताही हसतातच, अक्का. त्यांच्यासाठी वेगळा ओटा कशाला बांधू?"

अक्का चहा पिऊन गेली, पण जाताना म्हणाली, "माप घ्यायला येतील तेव्हा मी येणार आहे." हा आशीर्वाद नव्हता.

ग्रॅनाइटवाल्याचं दुकान कामशेतजवळ जुन्या हायवेवर. माणूस मूळचा वडिवळ्याचा, आडवा बांधा, मोठा आवाज, आणि प्रत्येक गोष्टीवर ठाम मत. फोनवरच त्यांनी मला कामाला लावलं.

"भाऊ, मी मापाला येतो, पर त्याच्या आधी सगळं मोकळं पायजे. जुना वटा काढून टाका. सिंक आणून ठिवा. शेगडी मला डोळ्यांनी दिसली पायजे. नळाचं काम झालेलं पायजे. नायतर दगड कापून झाला की तुमी म्हननार, भोक हिकडं न्हाई, तिकडं पायजे व्हतं. कापड न्हाई त्ये, परत शिवाया."

मी उत्साहानं कामाला लागलो, आणि माझा उत्साह ही आमच्या घरातली सगळ्यात महागडी वस्तू आहे. आधी सिंक आणलं. दुकानात एक खोल, भलं मोठं, चकचकीत सिंक मला आवडलं. घरी आणून दोन विटांवर ठेवलं आणि भांडी घासायचा आव आणून पाहिला, तर माझी बोटं तळाला पोचेनात. परत नेलं. दुकानदार म्हणाला, "साहेब, यात लोक मोठा कुकर आरामात घासतात."

"हो, पण मला कुकरबरोबर आत उतरावं लागेल."

उथळ सिंक घेऊन आलो. मग डबे, बरण्या, पातेली सगळं पुढच्या खोलीत नेलं. गॅस पडवीत मांडला. पडवीत स्वयंपाक करायचा हा बेत मला एकदम सहलीसारखा वाटला होता. लोणावळ्याच्या माकडांनाही तो तसाच वाटला. पहिल्याच सकाळी लादीपाव गेला, दुसऱ्या दिवशी टोमॅटो. तिसऱ्या दिवशी एक थोराड माकड कठड्यावर बसून माझं कांदा चिरणं इतक्या बारकाईनं बघत होतं, की मला त्याच्याही टीकेची वाट बघावीशी वाटली. गडी लावून जुना ओटा फोडला. स्वयंपाकघरात दगडाचे तुकडे, सिमेंटची ढेकळं, खिळे आणि धूळ. तिथे अनवाणी जायची सोय नव्हती.

आता माझी चूक इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माझे बाहेरचे बूट साधे नाहीत. बाहेरून साधे दिसतात, पण आत टाचेखाली दोन इंचांचा उंचवटा आहे. पुण्यातल्या एका दुकानातून आणतो. पँटची शिलाई त्याच हिशेबानं होते. लोकांसमोर मी कायम त्या बुटांत असतो. घरात अनवाणी, पण घरात बायको असते आणि तिच्यापासून काय लपवायचं? आपल्याकडे स्वयंपाकघरात कोणी चपला घालून येत नाही, म्हणून असला घोटाळा आजवर कोणाच्या घरी झाला नसणार. माझ्या घरी झाला. मापाचा दिवस म्हणून मी इस्त्रीचा शर्ट घातला, केस विंचरले आणि ते बूट चढवले. मुलगी बघायला जाताना मुलगा नटतो तसा. कशासाठी, ते विचारू नका.

ग्रॅनाइटवाले आले. अक्का त्यांच्याही आधी येऊन, ढेकळं बाजूला सारून, खुर्ची टाकून बसली होती. ग्रॅनाइटवाल्यांनी भिंतीला काटकोन बघायचा गुण्या लावला, कोपरा सरळ नाही म्हणून च्च्च केलं, सिंक उचलून बघितलं आणि म्हणाले, "हां. आता वहिनींना बोलवा. उंचीचं माप घेऊ."

"ती शाळेत असते."

"मंग रविवारी येतो."

"रविवारी कशाला? स्वयंपाक मी करतो."

"आवं, पर वहिनी..."

"या घरातली वहिनी मीच आहे. घ्या माप."

ते असे हसले की भिंतीची उरलेली खपली पडली. "लय भारी. या मंग वहिनी, हुभ्या ऱ्हावा."

अक्कानं कपाळावर हात मारला. "ओ भाऊ, तुम्ही त्याचं ऐकू नका. नेहमीची असते तेवढी उंची ठेवा."

"मावशी, मी बी तेच म्हनतो. समदीकडं एकच उंची असती. लोकांच्या सवयीची. उद्या घर इकायचं म्हनलं तरी अडचन न्हाई."

"घर विकायचं नाहीये," मी म्हणालो. "भात वेळायचाय."

मग त्यांनी मला ताठ उभं केलं. कणीक मळताना धरतो तसा हात कोपरात वाकवायला सांगितला. जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावला, कोपराच्या खाली आपली बोटं टेकवून तिथे भिंतीवर पेन्सिलनं रेघ मारली. "ह्यो तुमचा वटा."

आणि टेपचं टोक माझ्या बुटाला टेकलेलं मला दिसलं.

दिसलं, हे कबूल करतो. बूट काढायला हवे होते हेही त्याच क्षणी कळलं. पण बूट काढले असते तर मी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दोन इंच खाली उतरलो असतो आणि पँट जमिनीवर लोळली असती. नुकतंच मी 'घ्या माप' असं छाती काढून म्हणालो होतो. त्यानंतर लगेच बुटका व्हायला माझी छाती तयार नव्हती. मनाला समजावलं, दोन इंचांनी काय होतंय? ज्याला जन्मभर एक इंच मिळाला नाही, तो माणूस दोन इंचांना 'काय होतंय' म्हणत होता.

पुढचे दिवस मजेत गेले. कामशेतला जाऊन दगड पसंत केला. तिथे लाद्या एकमेकींना टेकून उभ्या असतात. मी त्यांच्यामध्ये शिरलो की बाहेरून दिसेनासा व्हायचो आणि मालक हाका मारत फिरायचे, "भाऊ! आवं भाऊ, कुटं गेलात?" काळ्यावर करडे बारीक ठिपके असलेला दगड घेतला. मी तिकडे असतानाच त्यांच्या माणसांनी घरी येऊन ओट्याचे कडप्प्याचे उभे पाय सिमेंटमध्ये बसवले. आमच्याकडे पावसाळ्यात धुकं थेट खिडकीतून आत येऊन बसतं. प्लायवुड फुगतं, म्हणून खाली दगडच.

ग्रॅनाइट शुक्रवारी येणार होतं. आदल्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघर झाडून काढलं, खराटा लावून फरशी धुतली. फरशी धुतल्यावर ते पुन्हा स्वयंपाकघर झालं, आणि सवयीनं मी चपला उंबऱ्यापाशी काढून आत आलो. ओट्याच्या पायांवर आडवा कडप्पाही टाकलेला होता. त्यावर पोळपाट ठेवला, खोटी खोटी पोळी लाटून बघितली.

खांदे कानांना लागले.

पुन्हा लाटून बघितली. मग सिंकच्या जागी वाकून बघितलं. वाकावं लागत नव्हतं, उलट टाचा उचलाव्या लागत होत्या. वर ग्रॅनाइटची जाडी अजून यायचीच होती. जिच्यासाठी मी वडगाव ते कामशेत अशी सगळी दुनिया अंगावर घेतली होती, ती उंची माझी नव्हतीच. ती माझ्या बुटांची होती.

संध्याकाळी बायको आली. मी सगळं सांगितलं. ती आधी गंभीरपणे ऐकत होती. 'टेपचं टोक बुटाला टेकलं' इथे तिचा ओठ हलला, आणि मग ती तिथेच पालथ्या बादलीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"बूट घालून माप दिलंत? स्वयंपाकघरात?"

"तेव्हा ते स्वयंपाकघर नव्हतं."

"मग आता उद्या सांगा त्यांना."

"काय सांगू?"

"की तुम्ही बुटके आहात. त्यांना अजून कळलेलं नाही असं वाटतंय का तुम्हाला?"

मी म्हणालो, "असू दे. बघू. चालवून घेऊ."

ती हसायची थांबली. माझा डावा हात उलटा करून तिनं भाजलेली जागा बघितली. कातडी अजून गुलाबी होती. "चालवून घेऊ म्हणजे परत चढून उभं राहणार," ती म्हणाली. "मग एवढं सगळं फोडलं कशाला? माकडांना जेवू घालायला?"

शुक्रवारी सकाळी टेम्पो आला. ग्रॅनाइटवाले, त्यांचे दोन गडी, आणि त्याच सुमारास स्टेशनवरून चालत आलेली अक्का. मी दारात बूट घालूनच उभा होतो. रात्रीतून सगळं धैर्य पळालं होतं, बूट तेवढे राहिले होते.

"उंची जरा..." मी सुरुवात केली. "उंची जरा जास्त झालीये."

"जास्त? आवं, तुमच्या कोपरावरनं घेतली! मावशी साक्षीदार हाय."

"हो, मी होते," अक्का म्हणाली. "मी म्हटलंच होतं, बाईला बोलवा."

ग्रॅनाइटवाल्यांनी घड्याळाकडे बघितलं, टेम्पोकडे बघितलं. "भाऊ, आता पाय कापायचे म्हनजे आजचा दिस गेला. उद्या शनवार. शनवार-रैवार तुमच्या गावात टेम्पो शिरत न्हाई, म्हमईच्या गाड्या पार घाटापत्तूर. म्हनजे डायरेक सोमवार." मग त्यांचा चेहरा उजळला. "असं करू या. वटा ऱ्हाऊ द्या हाय असा. मी वट्याम्होरं कडप्प्याची पायरी बांधून देतो. या टोकापासनं त्या टोकापत्तूर. पक्की. पाटावानी हलनार न्हाई. तुमी वर हुभे ऱ्हावा. वहिनी आल्या की खाली हुभ्या ऱ्हातील. दोगांचं काम."

"बघ," अक्का म्हणाली. "किती शहाणा माणूस आहे. बांधा हो, बांधा पायरी."

खरं सांगतो, मीही जवळजवळ 'हो' म्हणालो होतो. दगड दारात, माणसं उभी, टेम्पोवाला हॉर्न देतोय. आणि सूचना वाईट नव्हती, हेच तर तिचं वाईट होतं. मी आत गेलो, ओट्यासमोर पायरी कुठून कुठपर्यंत येईल ते डोळ्यांनी बघितलं. सवयीनं, हातात पातेलं असल्यासारखं, मागे एक पाऊल टाकून बघितलं. तेव्हा सगळं स्वच्छ झालं. मी पडलो होतो तो पाट हलला म्हणून नाही. मागे पाऊल टाकलं आणि जमीन मिळाली नाही म्हणून. पायरी पक्की असली तर काय होणार होतं? मी पक्का पडणार होतो.

बाहेर आलो. पडवीत सगळ्यांसमोर खाली बसलो आणि बूट काढले. मग उभा राहिलो. पँट पावलांवर लोळायला लागली. ती दुमडली.

"पायरी नको," मी म्हणालो. "आजवर मी ओट्यापर्यंत चढत होतो. आता ओटा माझ्यापर्यंत उतरू दे. परत माप घ्या. मी हा एवढा आहे."

ग्रॅनाइटवाल्यांनी वाकून माझा एक बूट उचलला, आत बोट घालून बघितलं.

"आयला," ते म्हणाले, "ह्याच्यात तर अर्दी पायरी हायेच."

गडी हसले. टेम्पोवालाही खाली उतरून बघायला आला. बूट हातोहात फिरला.

"आवं, मंग त्या दिशी का न्हाई बोललात?"

"तुम्ही होतात म्हणून."

"आन् आज कसं बोललात?"

"आजही तुम्ही आहात. पण दगड बसला की तुम्ही नसाल. ओट्यापुढे मीच असेन."

"मी पाय कापनार न्हाई," ते म्हणाले. "लोक मला नावं ठिवतील. ह्यो वटा बगून म्हनतील, ह्याला माप घेता येत न्हाई."

"माझं नाव सांगा. सांगा की गिऱ्हाईक बुटकं होतं आणि हट्टी होतं. दोन्ही खरं आहे."

अक्का उठली. "अरे, माणसं ताटकळलीत, काही लाज? दोन इंचांसाठी?"

"दोन इंच तुला थोडे वाटतात अक्का, तुझा हात भाजला नाही."

अक्का पिशवी उचलून निघाली. चहाही न घेता. आमच्या घरात अक्का चहा न घेता गेली, हे वडगावात कळलं तर लोक सुतक आहे का विचारायला येतील.

ग्रॅनाइटवाल्यांनी बराच वेळ मान हलवली, मला ऐकू जाईल इतक्या हळू शिव्या घातल्या, आणि मग गड्याला ओरडले, "आरं, ग्राइंडर आन!" मी अनवाणी उभा राहिलो, कोपर वाकवला. टेपचं टोक या वेळी माझ्या टाचेला टेकलं, थंडगार लागलं. भिंतीवर जुन्या रेघेखाली नवी रेघ आली. दुपारभर ग्राइंडर किंचाळत होता. आडवा कडप्पा उतरवला, उभे पाय कापले, घरभर पांढरी धूळ, पुढच्या खोलीतल्या झाकलेल्या डब्यांच्या आतही धूळ. ग्रॅनाइटच्या लाद्या पडवीत भिंतीला टेकवून ठेवल्या. शनिवार-रविवार त्यांच्या शेजारीच गॅस पेटवून मी पिठलं-भात केला, आणि गावात खरोखरच टेम्पो काय, सायकलही शिरली नाही.

सोमवारी दगड बसला. चौघांनी मिळून लादी उचलली, तिरकी करून दारातून आत घेतली, "हळू, हळू, कोपरा, आरं कोपरा!" आणि ती आपल्या जागी जाऊन अशी बसली की पुन्हा कोणाचं काही ऐकणार नाही. सिंक बसलं. सांधे भरले. ग्रॅनाइटवाल्यांनी पातळी लावून बघितली, हात फिरवला, आणि अनिच्छेनं म्हणाले, "काम चांगलं झालंय. उंची सोडून." उद्यापर्यंत त्यावर जड काही ठेवू नका, असं बजावून गेले. संध्याकाळी बायको आली, तिनं पेला विसळून पाहिला. तिला वाकावं लागलं. "हं," ती म्हणाली, "आता रविवारचा चहाही तुमच्याकडे."

दुसऱ्या दिवशी मी त्यावर कांदा परतला. कढई माझ्याखाली होती. इतकी वर्षं मी कढईत बाजूनं डोकावत आलो होतो, कांदा लाल झाला की नाही ते वासावरून ओळखत होतो. आता सगळा कांदा वरून दिसत होता. थोडा करपला, कारण मी बघतच राहिलो.

लोक आले, बघून गेले. प्रत्येकाची नजर आधी ओट्यावर, मग माझ्यावर, मग पुन्हा ओट्यावर. "जरा खाली झालाय का?" असं हळूच विचारायचे. सुरुवातीला मी कारणं द्यायचो. पाटाची गोष्ट सांगायचो, हात दाखवायचो. मग कंटाळा आला. आता कोणी विचारलं तर म्हणतो, "हो, खाली झालाय," आणि त्यांच्यासाठी पोहे फोडणीला टाकतो. पोहे खाताना कोणी उंचीबद्दल बोलत नाही.

अक्काचा फोन बंदच होता. म्हणजे फोन चालू होता, ती बोलत नव्हती. मग एका सकाळी न सांगता आली. हातपाय धुतले, पदर खोचला आणि सरळ ओट्यापुढे जाऊन उभी राहिली.

"पीठ कुठाय?"

"कसलं?"

"ज्वारीचं. भाकरी टाकते. तुझ्या या खेळण्यावर होते का बघू."

मी पीठ दिलं. तिनं परातीत पाणी घातलं, मळायला लागली. तिची पाठ माझ्याकडे होती. वडगावच्या तिच्या घरात मी तिला कित्येक वर्षं भाकऱ्या करताना बघत आलोय. तिथला ओटा तिच्या सासूच्या वेळचा, सासू उंचीपुरी. तिथे अक्का मळते तेव्हा तिचे खांदे वर जातात आणि मधेच ती थांबून उजवा खांदा दाबते. मला वाटायचं, ती अशीच मळते. इथे तिचे खांदे खाली होते. अंगाचं सगळं वजन तळहातातून पिठात जात होतं. थापताना भाकरी परातीत गरगर फिरत होती. एक झाली, दुसरी झाली. ती कुठेही थांबली नाही.

"दिसतंय मात्र पोरांच्या भातुकलीसारखं," ती तव्यावर पाणी फिरवत म्हणाली.

"दिसू दे."

"सगळे हसत असतील."

"हसतात."

तिसरी भाकरी थापून झाली. "त्या ग्रॅनाइटवाल्याचा नंबर दे."

"कशाला?"

"भांडायला."

"कशावरून?"

"ते मी त्याच्याशी बघते. तू नंबर दे. आणि माझ्या घरी यातलं काही बोलू नकोस. लेक आणि सून काय म्हणायचं ते नंतर म्हणतील, दगड बसल्यावर."

मी नंबर दिला. तव्यावरची भाकरी टम्म फुगली. ती उलटायला अक्का गॅसकडे वळली तर मधे मी.

"सरक बाजूला," ती म्हणाली. "मधे उभा राहू नकोस."

"तू सरक. ओटा माझा आहे."

"मोठ्या बहिणीला सरक म्हणतोस?"

"माझ्या मापाचा आहे, मी हलणार नाही."

"तुझं आणि माझं माप एकच आहे, मेल्या," अक्का म्हणाली, आणि मला कोपरानं ढकलायला लागली. भाकरी एका बाजूनं करपायला लागली होती. मी हललो नाही.